इंजिनाबद्दल

प्रभू, आज पुन्हा तेच विचारते.
रागावू नकोस. तूच म्हणालास ना, ठोका म्हणून;
तर दार ठोकणाऱ्या बाईची बोटं
कितव्या दिवशी दुखायला लागतात
हेही तुला ठाऊक असेल.

उसिस्याच्या किनाऱ्यावर अजून उजाडलेलं नाही.
सरोवर काळं आहे, आणि रात्रभर उसिपा धरणाऱ्यांचे दिवे
एकेक करून परत येताहेत.
त्यांत आमचा दिवा नाही. दोन वर्षं नाही.
इंजिन घरात आहे, दारामागे,
लुसुंगूच्या बापाच्या जुन्या कोटाखाली,
जणू कुणी पाहुणा तोंड फिरवून बसलाय.

गुरुवारी म्झुझूचा व्यापारी येईल.
तो देईल तेवढ्यात
लुसुंगूचं जोहान्सबर्गपर्यंतचं तिकीट होतं,
वर पोतंभर मक्याचं पीठ.
हिशेब मला येतो. हिशेब मी तुला विचारत नाही.
मी विचारते : पोराला जाऊ देऊ का?

लहानसहान तू किती पटकन सांगतोस!
शेळी हरवली तेव्हा गुडघे टेकायच्या आत
ती केळीमागून ओरडली.
मीठ किती घालू, उधार कुणाला देऊ,
न्याकुम्वेंडाशी आधी मी बोलू की तिनं बोलावं,
या सगळ्याला तुझ्याकडे वेळ असतो.
(आधी मीच बोलावं, असं तू नेहमी सांगतोस.
मला ते आवडत नाही.)

चर्चनंतर मंडळीच्या वडिलांना विचारलं.
म्हातारे चावुला म्हणाले, थांबा.
थांबणं त्यांना सोपं आहे. त्यांची मुलं केव्हाच गेलीत,
महिन्याला पैसे पाठवतात
आणि फोनवर खोकतात.

एका रात्री डोळे मिटून बायबल उघडलं, बोट ठेवलं.
पाळकबाई म्हणतात असं करू नये. केलं.
बोटाखाली वंशावळ निघाली :
ह्याला तो झाला, त्याला तो झाला.
कंदिलाशी बसून सगळी नावं वाचली,
कुठे तरी एखादी आई असेल म्हणून.
पान संपलं. रॉकेलही संपलं.

मग परवा म्वेरा सुटला.
तो दक्षिणेचा वारा कुणाचं ऐकत नाही.
वाऱ्यानं एकदा ऐकलं होतं, तुझ्या पुत्राचं,
पण ते सरोवर दुसरं.
मी गुडघ्यांवर होते, आमेनच्या आधीच उठले.
समजून घे, मासळी उडाली असती.

बाहेर लुसुंगू होता.
उघडाबंब, दातांत दोरी धरून
मांडवावर जाळं टाकत होता.
आमच्या नव्हे. न्याकुम्वेंडाच्या.
"तिला कुणी नाही," तो ओरडला, "आपलं मग बांधू!"
आपली अर्धी मासळी वाळूत गेली.

मला हसू आलं, रडू आलं, थंडीही वाजली.
हे उत्तर होतं का?
असा पोरगा कुठेही तरेल, असं म्हणालास?
की असा पोरगा इथेच लागतो, असं?
दोन्ही बसतं. तुझं बोलणं असंच,
सदरा अगदी मापाचा,
पण बटणं पुढे की पाठीला, ते कळू देत नाहीस.

काल वाळूतली मासळी वेचून धुतली.
दाताखाली करकरते. कोंबड्यांना चालेल.
न्याकुम्वेंडानं लापशी पाठवली.
आधी तीच बोलली, लिहून ठेव.

उजाडलं बघ.
मी कोट बाजूला केलाय. झाकण काढलंय.
आत गंज नाही. थोडी माती, एक मेलेला कोळी.
पुसतेय.
विकायचं तरी पुसावं लागेल,
पाण्यात न्यायचं तरी.
गुरुवारला तीन दिवस आहेत.
तू बोल, नाही तर नको बोलूस,
इथे बस जरा.
आणि तो लहान पाना त्यानं कुठे ठेवला होता,
तेवढं सांग.